पाण्यातला ठिपका

आमच्या घराण्यात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, आई चौथीपर्यंत शिकलेली. मी कोल्हापुरात बॉटनी घेऊन एमएस्सी केलं आणि फर्स्ट क्लास मिळवला. निकालाचा कागद आबांनी लॅमिनेट करून आणला, तो अजून माझ्याकडे आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे, थोडी बढाई आहेच. पण पुढे जे झालं ते माझ्या या अभिमानातूनच झालं, म्हणून आधी सांगून टाकते.

लग्नानंतर आम्ही लंडनच्या कडेला, हाउन्सलोला आलो. नवरा वर्क परमिटवर, विमानतळावरच्या एका कार्गो कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. दोन हजारच्या दशकाची ती मधली वर्षं. पहिलं वर्ष मी घरात बसून विमानांची पोटं बघितली. मग लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर एक जाहिरात दिसली: बसने अर्ध्या तासावर असलेल्या एका हर्बेरियममध्ये दीड वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं ग्रंथालय. जाड कागदावर चिकटवलेलं झाड, खाली कोपऱ्यात लेबल, लेबलावर कुणी, कधी, कुठे गोळा केलं ते. माझं काम त्या 'कुठे'चं. लेबल वाचायचं, नकाशावर ती जागा शोधायची, अक्षांश-रेखांश कॉम्प्युटरमध्ये भरायचे.

फोनकार्ड खरवडून आबांना फोन केला तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय करतेस तू?"

"वाळलेल्या झाडांचे पत्ते शोधते."

"मग इथं पोस्टात लागली असतीस की. तिकडं कशाला गेलीस एवढ्या लांब?"

पण शेजारच्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं होतं की पोरगी लंडनला सायंटिस्ट आहे.

काम मला आवडायचं, आणि मी ते चांगलं करायचे. शंभर वर्षांपूर्वीचा कुणी रेल्वेचा इंजिनिअर लिहून गेलेला असायचा, 'स्टेशनापासून दोन कोस, खडकाळ टेकडी, गवतात'. तेवढ्यावरून मी जुने रेल्वेचे नकाशे काढून ती टेकडी शोधायचे. उपग्रहाची चित्रं दाखवणारा नकाशा तेव्हा नुकताच कॉम्प्युटरवर फुकट मिळू लागला होता. इतरांना तो खेळ वाटायचा. मी त्यात दिवसभर बुडून जायचे. आयुष्यात कधी न पाहिलेल्या देशांतल्या बैलगाडीच्या वाटा मला पाठ झाल्या होत्या.

माझ्याकडे दक्षिण अमेरिकेतल्या आमऱ्या होत्या, म्हणजे ऑर्किड. ऑर्किड म्हटलं की लोकांना झाडावर लटकणारी, जंगलातली, रंगीत फुलं आठवतात. ही मात्र मैदानातली, गवतात जमिनीवर उगवणारी. एक जात त्यात फारच दुर्मिळ. उरुग्वेच्या उत्तरेला आणि सीमेपलीकडे ब्राझीलच्या थोड्या भागात, बस्स. वीतभर दांडा, वर एकच फूल, हिरवट, आणि बाजूच्या दोन पाकळ्यांना पिसासारखी झालर. लांबून बघाल तर गवताच्या पात्यावर पतंग बसलाय असं वाटेल. जमिनीखाली जाडसर मुळं, आणि त्या मुळांना त्याच मातीतली एक बुरशी लागते. उपटून कुंडीत लावलं तर एखादं वर्ष फुलतं, मग मरतं. तरी लोक उपटतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. पुस्तकातलं वाचणं आणि कळणं यात किती अंतर असतं ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

आमच्या कपाटात त्या जातीचे चौदा कागद होते. त्यांचे आकडे माझ्या आधीच कुणीतरी भरले होते. त्यावरून तेरा जागा मी उपग्रहाच्या चित्रात बघितल्या. इथे सोयाबीन. इथे निलगिरीची लागवड, रांगाच रांगा. इथे हायवे. शेवटी जिवंत म्हणावी अशी एकच जागा उरली, ती बाईंची.

बाई म्हणजे तिकडच्या एका खेड्यातल्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या शिक्षिका. बॉटनीची डिग्री नाही, काही नाही. पण वीसेक वर्षं एका टेकडीवर जाऊन दर वसंतात त्या आमरीची फुलं मोजायच्या. टेकडी दुसऱ्याच्या मालकीची. तिथे मेंढ्या राखणारा एक माणूस होता. पहिलं फूल त्यानेच बाईंना दाखवलं होतं, आणि फुलं यायच्या महिन्यात तो मेंढ्या पलीकडच्या कुरणात न्यायचा, कुणी सांगितलेलं नसताना. बाईंनी फार वर्षांपूर्वी आमच्या हर्बेरियमला दोन वाळलेली फुलं पाठवली होती, मूळ न उपटता, नुसता दांडा कापून. सोबतचं पत्र पाकिटात घालून त्याच कागदाला डकवलेलं होतं. आता त्यांनी पुन्हा लिहिलं होतं. मालकाचा मुलगा टेकडी निलगिरीवाल्यांना भाड्याने द्यायला निघाला होता. जिल्ह्याच्या ऑफिसातला अधिकारी म्हणत होता, ही जात कुठे कुठे उरली आहे त्याचा परदेशी संस्थेने केलेला नकाशा आणा, मग थांबवता येईल का बघू. म्हाताऱ्या शिक्षिकेच्या वहीवर सरकार चालत नाही.

सुपरवायझरने ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुझं. नकाशा कर आणि पाठव." पन्नाशीचा, सौम्य माणूस, कायम कोपराला भोक पडलेला स्वेटर. दुसऱ्या दिवशी तो तीन आठवड्यांच्या सुट्टीवर स्कॉटलंडला चालायला गेला.

मी चौदा ठिपके नकाशावर उमटवले. तेरा जमिनीवर पडले. बाईंचा ठिपका पडला धरणाच्या पाण्यात, काठापासून चांगला आत.

मला हसू आलं. मग रागही आला. ज्या एका ठिपक्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच बुडालेला. हा नकाशा बघून तो अधिकारी काय म्हणेल? गवतातलं फूल पाण्यात कसं उगवलं, बाई? आधीच्या कुणीतरी आकडे टाइप करताना गाढवपणा केला, असं मी धरून चालले.

शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला विचारायला मी खुर्ची वळवली होती, हे मला स्पष्ट आठवतं. ती लहानपणापासून आजोबांबरोबर फुलं बघत हिंडलेली, तिच्या घरातच हे सगळं. पण आदल्या आठवड्यात मी तिला एका कागदाच्या कोपऱ्यातली पेन्सिलची फुली कशाची म्हणून विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "ओह, ते होय? ते सगळ्यांना माहीतच असतं." तिच्या मनात काही नव्हतं. माझ्या मनात मात्र ते रुतून बसलं होतं. मी खुर्ची पुन्हा सरळ केली.

बाईंचं जुनं पत्र काढलं. त्यात सगळं होतं. शाळेच्या फाटकातून गाडीवाटेने निघा, तिसरं फाटक ओलांडा, दोन मोठे खडक असलेली टेकडी, दक्षिणेचा उतार, खडक आणि तारेचं कुंपण यांच्या मधे. उपग्रहाच्या चित्रात मी शाळेचं पत्र्याचं छप्पर शोधलं. वाट शोधली. फाटकं मोजली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोन खडकांच्या सावल्या सापडल्या तेव्हा मी टेबलावर हात आपटला. शेजारणीने वर बघितलं. मी पुन्हा स्क्रीनकडे वळले.

अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत भरले, म्हणजे दहा मीटरपर्यंत अचूक. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: आधीची जागा चुकीची, पाण्यात, पत्रावरून दुरुस्त केली. खाली माझी आद्याक्षरं.

त्या संध्याकाळी नवऱ्याला मी जेवताना सगळं सांगितलं, फाटकं मोजण्यापासून.

"वा," तो म्हणाला. "आमच्या कंपनीत ये. आमच्या पेट्या हरवतात त्या शोध."

नकाशा छापून बाईंना पाठवला. त्यांचं उत्तर ईमेलने आलं. त्या बाजाराच्या दिवशी बसने तालुक्याला जायच्या आणि टेलिफोन ऑफिसातून ईमेल करायच्या. 'प्रिय डॉक्टर,' त्यांनी लिहिलं होतं, 'साहेबाने तुमच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि मला पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली. फुलं आली की नोव्हेंबरात तो स्वतः पाहणीला येणार आहे.' मी डॉक्टर नव्हते. त्यांनी पहिल्या पत्रापासून तसं लिहिलं आणि मी दुरुस्त केलं नाही. चुकीचा ठिपका मला दोन दिवस झोपू देत नव्हता, ही चूक मात्र गोड लागली.

सुपरवायझर सुट्टीवरून परत आला. छापलेला नकाशा बघून म्हणाला, "लव्हली जॉब." छापलेल्या नकाशात ठिपका वाटाण्याएवढा, त्यातून काही कळण्यासारखं नव्हतं. मूळ नोंद त्याने उघडली नाही, आणि ती महिनाअखेरीला बाकी हजारो नोंदींबरोबर आपोआप वेबसाइटवर गेली.

ऑक्टोबरच्या शेवटी बाईंचा ईमेल आला. सकाळची वेळ, मी कोट काढला नव्हता अजून.

टेकडीवर यंदा फुलं येणार नाहीत, त्यांनी लिहिलं होतं. खड्डे आहेत. मी एकसष्ट मोजले. अरुंद कुदळीने खणलेत, काहींत माती परत लोटली आहे, नीटनेटकी. दोन माणसं पिकअप घेऊन आली होती, आम्ही विद्यापीठातले असं दुकानात सांगितलं. दुकानवालीने त्यांच्याकडे एक छापील कागद पाहिला. वाट कुणालाच विचारली नाही. ही जागा फक्त दोघांना माहीत होती, मला आणि मेंढ्यांवाल्याला. मी त्याला विचारलं. त्याने टोपी काढून हातात घेतली आणि गप्प उभा राहिला. मी त्याला दुकानासमोर, लोकांसमोर बोलले. वीस वर्षांत मी त्याला एक शब्द वाकडा बोलले नव्हते. मालकाने त्याला काढलं आहे.

मी कोट न काढताच आमची वेबसाइट उघडली. आमरीचं नाव टाकलं. चार दशांश स्थळं. खाली माझा शेरा, माझी आद्याक्षरं. घरबसल्या कुणालाही दिसेल असं.

सुपरवायझरच्या खोलीत गेले. त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि चष्मा काढला.

"हे आकडे कुणी घातले?"

"मी. आधीचा ठिपका पाण्यात होता."

"तो मी ठेवला होता," तो म्हणाला. "पाण्यात पडला हा योगायोग. पण लांब मीच नेला होता. सगळ्याच दुर्मिळ आमऱ्यांचे आकडे आपण ढोबळ करतो, अर्धा अंश इकडेतिकडे, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. कागदावरची पेन्सिलची फुली त्याचीच खूण. खरे आकडे कागदावर, या ड्रॉवरमध्ये. लोक खणून नेतात म्हणून."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगावं लागत..." तो थांबला. वाक्य पुरं करायची गरज नव्हती. सगळ्यांना माहीतच असतं. बाकीचे तेरा ठिपकेही खोटे होते. ते जमिनीवर पडले म्हणून मला खरे वाटले.

"तू शेजारी विचारलं असतंस तरी..." एवढंच तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. चूक माझी. लिहून ठेवायला हवं होतं." त्याने तिथल्या तिथे आकडे बदलले. मी विचारलं, बाईंना लिहू का? त्याने चष्मा पुन्हा घातला. "आत्ता नको. त्याच माणसांनी इथूनच घेतलं याचा पुरावा काय? वर विचारावं लागेल."

घरी नवऱ्याने दोन्ही हात वर केले. "अगं, ही तुझी चूकच नाही. सिस्टीमची आहे. लॉक का नव्हतं? आमच्याकडे असं झालं असतं तर मॅनेजर उडाला असता."

"खाली सही माझी आहे."

"सही काय, तू पगारी माणूस."

तो मला वाचवायला बघत होता. पण आबांनी आयुष्यभर ज्या गाडीचे नट आवळले तिच्या कार्डावर सही केली, आणि ब्रेक लागला नाही तर सिस्टीमचा लागला नाही असं कधी म्हणाले नाहीत. हे मी त्याला बोलले, तर तो म्हणाला, "मग लिही ना बाईंना. कोण अडवतंय?"

कुणीच अडवत नव्हतं. वरून उत्तर यायचं होतं हे खरं, पण मी त्याची वाट बघत नव्हते. मी पाच आठवडे लिहिलं नाही, कारण 'प्रिय डॉक्टर' वाचायची सवय झाली होती. रोज मसुदा उघडायचे. 'असं असू शकतं की', 'कदाचित आमच्याकडून'. रोज बंद करायचे. तिकडे तो माणूस लोकांच्या नजरा झेलत असेल हे मला माहीत होतं. माहीत असून मी बसने कामाला गेले, डबा खाल्ला, दुसऱ्या आमऱ्यांचे पत्ते भरले. याला चूक म्हणत नाहीत. ठिपका हलवला ती चूक होती. हे दुसरंच काहीतरी.

नोव्हेंबरात अधिकारी टेकडीवर आला. त्याने खड्डे पाहिले, रोप एकही पाहिलं नाही आणि तसं लिहिलं. बाईंनी कळवलं की टेकडी भाड्याने गेली, नांगर आला आहे. त्या ईमेलमध्ये मेंढ्यांवाल्याबद्दल एकच ओळ होती: तो चर्चमध्येही माझ्या बाकापासून लांब बसतो.

त्या दिवशी मी लिहिलं. लंच टाइममध्ये, एका दमात, कुणाला न विचारता. मेंढ्यांवाल्याने काही सांगितलं नाही. जागा मी उघडी केली, तुमच्याच पत्रावरून, आणि ती आमच्या वेबसाइटवर सगळ्या जगाला दिसत होती. मला हे तुमचा ईमेल आला त्याच दिवशी कळलं, आणि मी पाच आठवडे गप्प बसले. मी डॉक्टर नाही. त्या माणसाला हे वाचून दाखवा.

सुपरवायझरला नंतर सांगितलं. तो रागावला नाही. "बरं केलंस," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

बाईंचं उत्तर ईमेलने आलं नाही. जानेवारीत पोस्टाने आलं, निळ्या रेघांच्या शाळेच्या वहीतलं एक पान. अक्षर शिक्षिकेचं, गोल, एकही खाडाखोड नाही. 'डॉक्टर' नव्हतं. वर माझं नाव होतं, नुसतं.

तुझा कागद छापून घेतला, त्यांनी लिहिलं होतं. बाजारातून परत येताना बसमधून त्याच्या घराशी उतरले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, चार दिवस झाले, बायकोला घेऊन राजधानीला गेला, मेव्हण्याकडे. मेव्हणा कुठे राहतो ते कुणाला माहीत नाही. मी दारासमोरच्या दगडावर बसून तुझा कागद मोठ्याने वाचला. कुत्रं मागे राहिलं होतं, त्याने ऐकला.

चार दिवस. आणि मी पाच आठवडे.

खाली आणखी दोन ओळी होत्या. 'तू चौदा जागा शोधल्यास. माझं तिसरं फाटकही एवढ्या लांबून शोधलंस. आता हा माणूस शोध.' त्याचं पूर्ण नाव, आणि ओळख म्हणून: उंच, उजव्या कानाला चीर, गुडघे दुखतात.

मी शोधला. लायब्ररीत बसून त्या शहराची टेलिफोन डिरेक्टरी कॉम्प्युटरवर काढली. त्या आडनावाची माणसं पानामागून पानं. मेव्हण्याचं आडनाव वेगळं असणार, ते ठाऊकच नाही. तरी जेवढे पत्ते मिळाले तेवढ्यांना लिहिलं. स्पॅनिश मजकूर ऑफिसातल्या एकीकडून तपासून घेतला, चार ओळी: अमुक नावाचा मेंढपाळ तुमच्याकडे असेल तर त्याला सांगा की तो निर्दोष आहे, हे सिद्ध झालं आहे आणि बाई वाट बघतात. नवरा पाकिटांवर तिकिटं लावायचा. तो आता सिस्टीमबद्दल काही बोलत नव्हता. तीन पाकिटं परत आली. एका बाईने लिहिलं की तिचा भाऊ या नावाचा होता, पण तो खलाशी होता आणि वारला.

उपग्रहाच्या चित्रात ते शहर दिसायचं. छपरं मोजता यायची, पण छपराखाली कोण आहे ते कळायचं नाही.

दर महिन्याला मी बाईंना पोस्टकार्ड टाकायचे: अजून नाही, शोधते आहे. त्यांनी उत्तर दिलं नाही, मी अपेक्षाही केली नव्हती. कार्डं परत येत नव्हती, म्हणजे पोचत होती. माझं कॉन्ट्रॅक्ट संपलं, एकदा वाढलं, तेही संपलं. आम्ही कॉव्हेंट्रीला गेलो, तिथूनही कार्डं गेली.

मग एक कार्ड परत आलं. पोस्टाचा शिक्का, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने एक स्पॅनिश शब्द. डिक्शनरी काढावी लागली नाही. जुन्या लेबलांवर संग्राहकांच्या नावापुढे तो मी कितीदा वाचला होता. बाई गेल्या होत्या.

त्या शहरातले काही पत्ते अजून राहिले होते. मी त्यांनाही लिहिलं. फक्त 'बाई वाट बघतात' ही ओळ काढली.